सही चांगली, तरी वॉर्निंग!

एप्रिल २०२४. माझा जुना लॅपटॉप भंगारात निघाला होता. भाचा म्हणाला, "आत्या, देण्याआधी त्यावर उबुंटू २४.०४ ची बीटा टाकून बघ. बिघडलं तरी तुझं काय जातंय?"

उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि बीटा म्हणजे तिची पक्की होण्याआधीची चाचणी आवृत्ती. पाच जीबीहून मोठी फाइल उतरवली. आता पेनड्राइव्हवर टाकायची की झालं, असं मला वाटलं. "आधी व्हेरिफाय कर," तो म्हणाला. फाइल जशीच्या तशी उतरली का, हे चेकसमवरून ठरतं. चेकसम म्हणजे ६४ अंक-अक्षरांची सलग ओळ; फाइलमध्ये कणभर फरक पडला तरी ती सगळीच बदलते. साइटवर दिलेल्या ओळीशी मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर ताडायला बसले, तेवढ्यात त्यानं एक कमांड मारली आणि स्क्रीनवर 'ओके' उमटलं.

एवढ्यानं भागत नाही, पुढे चेकसमच्या फाइलवरची उबुंटूवाल्यांची डिजिटल सही तपासायची. कारण फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या उबुंटूसारख्याच सिस्टिमच्या वेबसाइटवर घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंकच भेसळीच्या फाइलकडे वळवली होती. जो लिंक बदलतो, त्याला शेजारचा चेकसम बदलायला कितीसा वेळ? हे पटलं. पण सही तपासल्यावर एका ओळीत 'गुड सिग्नेचर' आणि लगेच खाली 'वॉर्निंग'! अरे, मग चांगली की वाईट?

"सही जुळली गं. पण ती ज्या डिजिटल किल्लीनं केलीय, ती उबुंटूवाल्यांचीच आहे, अशी हमी तू कुठे दिलीयस?"

मी कोण हमी देणारी! शेवटी किल्लीचा फिंगरप्रिंट उबुंटूच्या मार्गदर्शिकेतल्या फिंगरप्रिंटशी चार-चार अक्षरं वाचत ताडला. इथे चष्मा कामी आला.

गंमत म्हणजे हीच बीटा ४ एप्रिलऐवजी ११ तारखेला आली होती. कारण एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला होता, आणि तोही अधिकृत आवृत्तीत. म्हणजे सही, चेकसम सगळं बिनचूक आणि माल खोटा! तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. उबुंटूवाल्यांनी मग खबरदारी म्हणून तो चोरदरवाजा आत शिरल्यानंतर तयार केलेली पॅकेजं नव्यानं बांधली.

आमचा पेनड्राइव्ह लागला, मेनू आला, एंटर दाबलं आणि स्क्रीन काळी ठिक्कर. पंखा मात्र घरघरतोय. मेनूत 'सेफ ग्राफिक्स' अशी आणखी एक ओळ होती. पुन्हा सुरू करून ती निवडली, तर डेस्कटॉप हजर. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्डच जुनाट, त्याला नेहमीची वाट झेपत नव्हती. लॉग उघडला तर लाल ओळींचा पूर. त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी असतात म्हणे. मग त्यांना लाल रंग कशाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तक्रार नोंदवायलाही कमांड आहे, उबुंटू-बग. यंत्राची माहिती ती आपणहून गोळा करते. आपण तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.

तेव्हा बीटा जरूर लावून बघा, पण घरचे फोटो आणि आयकराची कागदपत्रं असलेल्या संगणकावर नको. आणि अडलंच कुठे, तर नुसतं 'चालत नाही' न लिहिता स्क्रीनवर काय दिसलं ते लिहा.