घर जागचं हललं नाही

समजा, रात्री झोपलात आणि सकाळी उठून पाहता तर देशच बदललेला! घर तेच, गोठा तोच, आईची हाकसुद्धा तीच. ही काही परीकथा नव्हे. लडाखमधल्या तुर्तुक गावात डिसेंबर १९७१ मध्ये असंच घडलं.

नकाशा काढा पाहू. लेहच्या उत्तरेला नुब्रा खोरं आहे. तिथून श्योक नदीच्या काठाकाठानं वायव्येला जात राहिलं, की नियंत्रण रेषेच्या थोडं अलीकडे तुर्तुक लागतं. उंची सुमारे ३,००० मीटर. लडाखच्या मानानं सखलच म्हणायचं! म्हणून तर इथे जव काढला की त्याच वावरात कुट्टू पेरता येतो. जर्दाळूची झाडं तर दारोदार. आणि इथले दगडी 'फ्रिज' म्हणजे कमालच! डोंगराच्या पायथ्याशी दगडांच्या फटींतून गार हवा येते. नेमकी तिथेच दगडांची छोटी खोली रचायची. भर उन्हाळ्यात लोणी-मांस आत टिकतं. वीज नको की बिल नको!

१९४७ पर्यंत हे गाव जम्मू-काश्मीर संस्थानात होतं. १९४७-४८ च्या युद्धानंतर ते पाकिस्तानच्या ताब्यात राहिलं. मग १९७१ च्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या जवानांनी चालुंका, तुर्तुक, त्याक्शी आणि थांग ही चार गावं घेतली. (याच रिंचेनना १९४८ च्या पराक्रमाबद्दल महावीरचक्र मिळालं होतं, तेव्हा ते जेमतेम कॉलेजात जाण्याच्या वयाचे! १९७१ साठी ते दुसऱ्यांदा मिळालं.) १९७२ मध्ये सिमला करार झाला आणि ही गावं भारतातच राहिली.

पण गावातली सगळी माणसं त्या रात्री गावात थोडीच होती! कुणी नोकरीला, कुणी शिकायला स्कार्दूकडे गेलेलं. ती तिकडेच अडकली. विचार करा, तुमचा दादा परीक्षेला तालुक्याला गेलाय आणि परतीचा रस्ताच बंद झाला! पुढे भेटायचं म्हणजे व्हिसा मिळवायचा, पार पंजाबात वाघ्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडून पुन्हा डोंगर चढायचे. पुष्कळांना ते जन्मात जमलं नाही. नवरा तिकडे, बायको इकडे, अशीही घरं होती.

इथले लोक बाल्टी बोलतात. पलीकडच्या गावांतही हीच भाषा.

२०१० पासून पर्यटकांना तुर्तुक खुलं झालं. कधी गेलात तर बांधावरूनच चाला, जव तुडवू नका. आणि हो, जर्दाळू खाऊन बी भिरकावू नका. तिचं तेल काढतात!