महेश्वरचा वाडा आणि दोन कॅमेरे

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्या वयाच्या माणसाला पहिला प्रश्न बजेटचा विचारतात आणि दुसरा मेगापिक्सेलचा. कशाचे फोटो काढायचे आहेत हे कुणी विचारत नाही. आम्हाला काढायचे होते महेश्वरच्या वाड्याचे.

महेश्वर हे माझ्या आईचं माहेर. धाकटे मामा गेल्यावर मामी एकटीच राहिली. तिची मुलं पुण्याला. तेव्हा वाडा विकायचा असं सगळ्यांच्या संमतीने ठरलं आणि दिवाळीनंतर ताबा द्यायची बोलणीही झाली. त्याबद्दल कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. आई म्हणाली, "एकदा जाऊन येऊ, आणि नीट फोटो काढून आणू. मोबाइलवरचे नकोत, मला दिसत नाहीत." आई एकोणऐंशी वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, डाव्या डोळ्याचा मोतिबिंदू निघालाय, उजव्याचा राहिलाय.

घरातला रोलचा कॅमेरा कधीच निकालात निघाला होता, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. पुतण्या म्हणाला, "काका, डीएसएलआरच घ्या." मेव्हण्याचं मत, खिशात मावेल असा छोटा घ्यावा. पहिला लेन्ससकट तीस हजारांच्या आसपास, दुसरा दहा-अकरा हजारांत. सौ.ने मार्ग काढला. दोघांकडून त्यांचे कॅमेरे दोन दिवसांसाठी मागून घ्यायचे, महेश्वरला दोन्ही वापरून पाहायचे आणि मग काय ते ठरवायचं. इंदूरच्या माणसाला भाजीसुद्धा चाखून घ्यायची सवय, हे तर तीस हजारांचं काम.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालो. महेश्वरला जायचे दोन रस्ते. मुंबई-आग्रा रस्त्याने धामनोदवरून जाणारा सरळ आणि रुंद. आम्ही धरला तो दुसरा, महूवरून जाम गेटचा घाट उतरून मंडलेश्वरमार्गे जाणारा. विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंच्या काळातला हा दगडी दरवाजा उभा आहे. त्याच्या कमानीतून पलीकडे पाहिलं की माळवा संपतो आणि खाली निमाड पसरलेलं दिसतं. पावसाळ्यात इथे ढगांशिवाय काही दिसत नाही. आता मात्र कापसाची शेतं अगदी दूरवर दिसत होती.

इथे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. संध्याकाळी मामीच्या नातवाच्या लॅपटॉपवर शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर कुठला कशाने काढला ते सौ.ला सांगता येईना. लख्ख उन्हात, दूरचं दृश्य, काहीही हलत नाही, अशा वेळी तीस हजारांचा आणि दहा हजारांचा फोटो सारखाच येतो. मेगापिक्सेल दोन्हींचे बारा. बारा मेगापिक्सेलचा फोटो चांगल्या छपाईत तेरा बाय दहा इंचांपर्यंत जातो आणि आपले अल्बम त्याच्या निम्म्याचे असतात. तो आकडा तेव्हाच डोक्यातून काढून टाकला.

खरा फरक आतल्या चिपच्या आकारात असतो, ज्याला सेन्सर म्हणतात. पुतण्याच्या कॅमेऱ्यातला साधारण बावीस बाय पंधरा मिलिमीटरचा. मेव्हण्याच्या कॅमेऱ्यातला जेमतेम सहा बाय साडेचार, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळ काढलं तर बारा पटींचा फरक. अंगणात पावसाचं पाणी धरायला एक परात ठेवली आणि एक वाटी ठेवली, तर मुसळधार पावसात दोन्ही भरतात. रिमझिम असली की कळतं कुणात किती साठलं. वाड्यात रिमझिमच होती.

निमाडातला उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना ही घरं अंधारी का बांधत ते वेगळं सांगायला नको. मामाच्या वाड्याची ओसरी उजेडाची. त्यामागे माजघर, त्याला एकच खिडकी, आणि त्याच्याही मागे देवघर, तिथे तर एक झरोका तेवढा. भिंती दोन हात जाड. आई उंबऱ्यावर हात टेकून आत गेली, डोळे सरावेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "दिवा लावू नकोस. असंच होतं."

छोट्या कॅमेऱ्याने इथे आपणहून फ्लॅश उडवला. त्याचा उजेड तीन-चार मीटरांपर्यंतच जातो आणि तेवढ्यात जे येतं ते चपटं करून टाकतो. माजघर पोलिस पंचनाम्यातल्या खोलीसारखं आलं. फ्लॅश बंद करून आयएसओ आठशेवर नेला, तर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे उमटले. मग तोच कॅमेरा पाटावर ठेवला, आयएसओ शंभरावर आणला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात लावला नाही. फोटो सुरेख आला. खांब, तुळया, झोपाळ्याच्या रिकाम्या कड्या, सगळं. हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. जे हलत नाही त्याला अंधारातही छोटा कॅमेरा पुरतो, फक्त तो कशावर तरी टेकवावा आणि धीर धरावा.

पण माणसं हलतात. आई देवघरात बसली होती. देव मामीने पुण्याला पाठवायच्या पेटीत बांधून ठेवलेले. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे आईने सवयीने निरांजन लावलं. भिंतीत एक देवळी आहे, काजळीने काळीभोर झालेली. आजी वात पुढे सारायची आणि बोट तिथेच भिंतीला पुसायची. पन्नास-साठ वर्षांच्या त्या पुसण्याने देवळीच्या कडेला बोटभर रुंदीचा तेलकट पट्टा पडला आहे. आम्ही पुढचा दरवाजा, कोरीव खांब असल्या गोष्टींची यादी करून आलो होतो. आईला हवी होती ती देवळी, आणि हे तिने तिथे बसल्यावरच सांगितलं.

काळ्यावर काळा पट्टा, झरोक्यातून येणारा उजेड आणि समोर निरांजनाची ज्योत. पुतण्याचा कॅमेरा काढला, आयएसओ सोळाशे केला, खांबाला टेकून श्वास रोखला. पुतण्याने बजावलं होतं त्याप्रमाणे रॉ फाइलही ठेवली. ती नंतर संगणकावर उघडली की अंधाऱ्या भागातला तपशील बराच वर काढता येतो. आईने वात सारली आणि बोट त्याच पट्ट्याला पुसलं. तो फोटो मिळाला. छोट्या कॅमेऱ्याने तिथे दोनदा प्रयत्न केला. एकात आईचा हात धुरासारखा पुसट आला, दुसऱ्यात ज्योत सोडून सगळंच काळं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, झालं तर मग, मोठाच घ्या. पुतण्याचंही तेच म्हणणं. पण दुपारी ओसरीवर उलटं घडलं. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की मामी पदर सारखा करून, हनुवटी वर करून, लग्नाच्या फोटोग्राफरपुढे बसल्यासारखी दगड होऊन बसायची. आईही तशीच. काळं धूड माझ्या तोंडापुढे असल्यामुळे त्यांना मी दिसायचाच नाही, आणि जो दिसत नाही त्याच्याशी काय बोलणार? मग छोटा कॅमेरा छातीशी धरून गप्पा मारत बसलो. आई आणि मामी लहानपणीच्या कुठल्याशा पुरणपोळ्या-चोरीवर हसत होत्या. दोघींचे मिळून चाळीसेक फोटो निघाले. त्यातले दहा फोटो लाखाचे आहेत, आणि ते काढताना मीही त्या गप्पांत होतो. पुढे मामीच्या नातवाने तोच कॅमेरा घेऊन आमचे चौघांचे काढले. मोठा त्याच्या हातात द्यायला मला धीर झाला नसता, आपला नव्हता ना.

संध्याकाळी घाटावर गेलो. आईला पायऱ्या उतरवेनात, म्हणून ती वर अहिल्येश्वराच्या ओट्यावर बसली. महेश्वरचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांनी इंदूरपासून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर राहून तो न पाहणं बरं नव्हे. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं अहिल्याबाईंनी इथून राज्य चालवलं. वर राजवाड्यात त्यांची गादी आहे, ती पाहून लहान मुलं विचारतात, "राणीची, आणि एवढीशीच?" किल्ला नर्मदेच्या उत्तर तीरावर, तोंड दक्षिणेला. त्यामुळे थंडीच्या दिवसांत भिंतींवर जवळजवळ दिवसभर ऊन असतं. फोटोसाठी सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर यावं. मधल्या वेळात कोरीवकामावर सावल्याच राहत नाहीत.

नदीच्या मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे. पुतण्याच्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समधून ते तांदळाच्या दाण्याएवढं दिसलं. मेव्हण्याच्या कॅमेऱ्याला दहापट झूम, त्यात कळसावरचा बगळाही आला. मोठ्या कॅमेऱ्याला एवढं लांबचं पाहायचं तर दुसरी लेन्स घ्यावी लागते आणि तिचे पैसे वेगळे. तीस हजारांचा आकडा सांगताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. उलट, तिरप्या उन्हात छोट्याच्या पडद्यावर मला काही म्हणजे काही दिसेना. चष्मा लावला तर पडदा दिसतो आणि नदी दिसत नाही. काढला तर नदी दिसते आणि पडदा दिसत नाही. मोठ्याला डोळा लावायची खिडकी असते, शेजारच्या बारीक चक्रीने तिचा नंबरही आपल्या डोळ्याला जुळवता येतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी दुकानात हे जरूर करून पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विणकरांकडे गेलो. महेश्वरीचा धंदा मधे बराच मंदावला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्या पुढाकाराने रेहवा सोसायटी उभी राहिली आणि मागांना पुन्हा काम मिळालं. घाटाच्या दगडांवरची नक्षी साडीच्या काठात उतरलेली इथे समोरासमोर ताडून पाहता येते. विणकराला विचारून फोटो काढले. धोटा एका कडेहून दुसऱ्या कडेला क्षणात जातो. छोट्याचं बटण दाबल्यावर तो क्षणभर विचार करतो, तोवर धोटा पार. मोठा तिथल्या तिथे टिपतो. बटण आधी अर्धं दाबून ठेवलं तर छोट्यालाही जमतं, पण पाचात एकदा.

परतीच्या वाटेवर गाडीत याचाच खल झाला. सौ.चा कल मोठ्याकडे; लेकीला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. माझा प्रश्न एवढाच होता की फेब्रुवारीत बाळ कुशीवर वळेल त्या क्षणी कुठला कॅमेरा हाताशी असेल? लेन्स, चार्जर, पिशवी धरून दोन किलोंचा तो ऐवज मी आमच्या घरात ओळखतो, तो कपाटात राहणार. या दोन दिवसांतसुद्धा दुसऱ्या सकाळी सौ.ने पर्समध्ये टाकला तो छोटाच. शिवाय त्याला साधे पेन्सिल सेल चालतात. महेश्वरच्या बाजारात संपले तेव्हा किराणा दुकानात मिळाले.

घेतला तो छोटा. त्याला जोडून एक बऱ्यापैकी तिकाटणं, कारण पाट सगळीकडे मिळत नाही. मोठा पुतण्याकडे आहेच, आणि देवघरासारखं काही वर्षातून एकदाच येतं. तेव्हा मागून आणू. पुतण्याला हा हिशोब मुळीच पटलेला नाही. तो म्हणतो, मोठा घेऊन शिकला असता तर हात बसला असता. त्याच्या वयाच्या आणि आवड असलेल्या कुणी मला विचारलं, तर मीही मोठाच घे म्हणेन.

उरलेल्या पैशांतून फोटो छापून घेतले. साठ फोटो, दोन अल्बम, एक आईला आणि एक मामीला. देवळीचा तेवढा मोठा करून, आठ बाय दहा इंच, चकचकीत कागदावर नाही, मॅटवर, म्हणजे खिडकीचा उजेड पडला तरी आईला दिसतो. तिने भिंग लावून तो पट्टा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा हात कुणाचा, माझा की आईचा?" मग स्वतःच्या हाताशी ताडून पाहिला, आणि पान उलटून मामीच्या हसण्यावर आली.

मामी एकवीस तारखेला पुण्याला जाते आहे. तिचा अल्बम मी तिच्या हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितलाय, ट्रकमध्ये नको.