आधी प्रकार, मग नाव

शब्द कानावर पडला की त्याचे लिंग विचारावे, ही खोड व्याकरण शिकविणाऱ्यांच्या अंगी फार मुरलेली असते. आम्हीही त्याच पंथातले. आमच्या इंदुरात तर या खोडीला कामही पुष्कळ. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशा दुहेरी संसारात वाढलेले मूल 'पुस्तक चांगली आहे' असे सहज बोलून जाते. कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, आणि आत्माही स्त्रीलिंगीच आहे. मराठीत मात्र ते पुस्तक आणि तो आत्मा. अक्षरे तीच, परंतु आपण बोलतो त्या भाषेने शब्दाचा प्रकार कोणता ठरविला आहे हे ठाऊक नसेल, तर पुढचे विशेषण आणि क्रियापद दोन्ही बिघडतात.

संगणकाच्या भाषांनाही हाच नियम लागू आहे, हे आम्हांला उतारवयात कळले. वरच्या वर्गातील मुले 'सी' ही भाषा शिकू लागली, तेव्हा आम्ही कुतूहलाने मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. बीजगणितातला 'चल' तेथे पुन्हा भेटला. पण येथे त्याला आत येतानाच आपला प्रकार सांगावा लागतो. 'इंट गुण' असे लिहिले की 'गुण' हा चल अखेरपर्यंत पूर्णांकच राहावयाचा. 'डबल सरासरी' असे लिहिले म्हणजे सरासरीत दशांश अपूर्णांकही मावतो. आधी प्रकार, मग नाव. आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा जो कंपायलर, तो काम सुरू होण्यापूर्वीच ओळ न् ओळ तपासतो, आणि प्रकारांचा मेळ बसत नसेल तेथे हरकत घेतो.

एवढी सक्ती कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, संगणकाच्या स्मृतीत शून्य आणि एक यांच्या रांगांवाचून दुसरे काहीच नसते. ३२ बिटांची एक विशिष्ट रांग पूर्णांक म्हणून वाचली तर ती १०६५३५३२१६ ही संख्या होते. तीच रांग आजच्या प्रचलित पद्धतीप्रमाणे दशांश संख्या म्हणून वाचली, तर तिची किंमत नेमकी १ भरते! रांग स्वतः काही बोलत नाही. तिला अर्थ येतो तो प्रकारामुळे.

पूर्वी प्रकार नावावरूनही ओळखीत. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनी आयबीएम कंपनीत फोरट्रॅन ही भाषा सिद्ध केली. तीत आय, जे, के, एल, एम, एन या अक्षरांनी आरंभ होणारी नावे पूर्णांकांची, आणि बाकीची दशांश संख्यांची, असा संकेत होता. 'आकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी' या आपल्या आडाख्याचाच हा भाऊ! घोडा आणि आंबा यांना तो आडाखा लागू पडतो. शाळा आणि भाषा त्याला दाद देत नाहीत. फोरट्रॅनमध्ये धोका निराळा होता. नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर तो नवाच चल समजला जाई आणि कोणी हटकीत नसे. म्हणून पुढे फोरट्रॅन ९० या आवृत्तीने हा संकेत रद्द करून प्रत्येक चलाचा प्रकार स्पष्ट सांगावयास लावणारी आज्ञा प्रमाण भाषेत आणली.

दुसऱ्याने लिहिलेल्या लांबलचक प्रोग्रॅममध्ये एखाद्या चलाचा प्रकार ध्यानात येत नसेल, तर तो विचारण्याच्या युक्त्या आहेत. 'सी प्लस प्लस'मध्ये 'टाइपआयडी' हा शब्द त्यासाठीच आहे. मात्र उत्तर कोणत्या शब्दांत द्यावे हे कंपायलरच्या मर्जीवर असते, आणि एक प्रसिद्ध कंपायलर पूर्णांकासाठी नुसते 'आय' एवढेच अक्षर पुढे करतो. 'गो' भाषेत छपाईच्या आज्ञेत टक्क्याच्या चिन्हापुढे मोठ्या लिपीतील 'टी' लिहिला, की प्रकाराचे नाव छापून येते. पण आम्हांला सर्वांत आवडली ती 'रस्ट' भाषेतील युक्ती. चलाचा प्रकार भलताच आहे असे मुद्दाम लिहावयाचे. मग कंपायलर रागावून सांगतो, 'तुम्ही अमुक म्हणता, पण येथे तमुक आहे!' व्याकरणाच्या शिक्षकासमोर 'तो पुस्तक' म्हणून पाहा. खरे लिंग तत्काळ कळेल.

तथापि येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कंपायलर जुळणी पाहतो, हेतू पाहत नाही. समजा, निकालपत्रकासाठी मिळालेले गुण आणि एकूण गुण हे दोन्ही पूर्णांक ठरविले, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणा, असे 'सी'मध्ये लिहिले. ६०० पैकी ४३२ गुण मिळविणाऱ्या मुलीला ७२ टक्के मिळावयास हवेत. पण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की ही भाषा दशांश भाग टाकून देते. भागाकार शून्य, आणि शून्याचे शंभरपट शून्यच! साऱ्या वर्गाला शून्य टक्के, आणि पैकीच्या पैकी मिळविणारा कोणी असलाच तर त्याला तेवढे शंभर. कंपायलर मात्र तक्रार करीत नाही. कारण व्याकरण निर्दोष आहे. 'दगड गाणे गातो' या वाक्यातही व्याकरणाची चूक कोठे आहे? भागाकारापूर्वी दोहोंपैकी एकाला 'डबल' केले की त्या मुलीचे ७२ टक्के तिला परत मिळतात.

४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याचा प्रोग्रॅम प्रकारांविषयी अत्यंत कडक अशा 'एडा' भाषेत होता. पण त्यातील ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविण्याची आज्ञा माणसानेच दिलेली होती, आणि अशा पूर्णांकात ३२७६७ हून मोठी संख्या मावत नाही. तो भाग आधीच्या एरियान ४ वरून घेतलेला होता. नव्या बाणाचा वेग अधिक, म्हणून संख्या मोठी झाली, आणि ती मावते की नाही हे तेथे कोणी तपासले नव्हते. बाणात माणसे नव्हती हे सुदैव. चार वैज्ञानिक उपग्रह मात्र गेले.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, कंपायलरचा धाक जरूर बाळगा, पण आपला विचार त्याच्या हवाली करू नका. नाव ठेवण्यापूर्वी त्यात काय मावावयाचे आहे ते ठरवा. आणि भागाकाराचे चिन्ह काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही अंगांना कोण उभे आहे, एवढे विचारून घ्या.