खोकला छातीत, कारण पोटात

जुनाट खोकल्याचे रुग्ण मी गेली सत्तावीस वर्षे तपासत आलो आहे. परंतु या खोकल्याविषयीचा एक महत्त्वाचा धडा मला माझ्या आईने दिला, तोही माझ्याच घरात.

तिचे वय 78. पावसाळ्यात सुरू झालेला तिचा कोरडा खोकला दिवाळी उलटली तरी थांबेना. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही निर्दोष आले. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असा खोकला येतो. पण ती त्या घेत नव्हती. मी मात्र खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत राहिलो. अखेर एका रात्री तिच्या खोलीत झोपलो, तेव्हा ध्यानात आले की, अंथरुणाला पाठ टेकल्यावर थोड्याच वेळात तिला ढास लागते आणि उठून बसले की ती निवते. सकाळी तिचा आवाज घोगरा असे.

"छातीत जळजळ होते का?" मी विचारले.

"नाही रे, जळजळ कसली?"

याच उत्तराने आपण फसतो. अन्ननलिका जठराला मिळते तेथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की जठरातील आम्ल वर येते. ते घशापर्यंत पोहोचले तर स्वरयंत्राचा दाह होतो. अन्ननलिकेच्या खालच्या भागातच थांबले, तरी तेथील मज्जातंतूंमार्फत खोकल्याची उबळ उठू शकते. त्यामुळे जळजळ मुळीच नसतानाही खोकल्याचे मूळ पोटात असू शकते.

मग मी तिच्या दिनक्रमाकडे पाहिले आणि वरमलो. दवाखाना आटोपून मी रात्री साडेनऊला घरी येई. ती माझ्यासाठी जेवायची थांबे आणि जेवताच आडवी होई. तिच्या खोकल्याला माझाही हातभार होता.

आता ती सात वाजता जेवते आणि जेवण व झोप यांत किमान तीन तास जाऊ देते. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सुमारे 15 सेंटीमीटर उंच केली. उशांची चळत रचू नये. तिने पोट दुमडते. डाव्या कुशीवर झोपणेही हितकर. जोडीला काही आठवडे औषध दिले. खोकला पूर्ण शमण्यास जवळजवळ अडीच महिने लागले. तेव्हा उतावीळ होऊ नये.

मात्र प्रत्येक खोकला आम्लाचा नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. वजन घटणे, घास अडकणे, थुंकीतून रक्त, काळी शौचास, धाप, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित डॉक्टरांना गाठावे. चालताना छातीत जळजळ होत असेल, तर आधी हृदय तपासावे. आम्लपित्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना एवढीच विनंती: खोकला केव्हा येतो, जेवणानंतर, आडवे झाल्यावर की बोलताना, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल.

आई अजूनही माझी वाट पाहते. मी जेवत असताना समोर बसून गप्पा मारते आणि मग निवांत झोपायला जाते.