पैसे वेळेवर भरले, तरी डाग आमच्याच नावावर!



"पैसे तं भरले होते ना तू? मंग बँकवाला कायले तरास देते?" आमच्या आईचा हा साधा प्रश्न. समाजशास्त्रात एम. ए. करूनही आम्हाला त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यात आमचे पाच महिने गेले. हा लेख त्याचाच हिशोब आहे.

आम्ही साकोली तालुक्यातल्या एकोडीचे. ज्या संस्थेत काम करतो तिथले मानधन कधी दोन-दोन महिने येत नाही. म्हणून क्रेडिट कार्ड घेतले. "कार्ड घेतलेच कशाला?" असे विचारणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ज्याचा पगार एक तारखेला होतो त्याला उधारी म्हणजे चैन वाटते, ज्याचा होत नाही त्याच्यासाठी ती गरज असते.

२०२४ च्या जुलै महिन्यात ८,४६० रुपयांचे बिल आले. देय तारीख ८ जुलै. आम्ही ६ जुलैला, शनिवारी संध्याकाळी, मोबाईलवरून पूर्ण रक्कम भरली. खात्यातून पैसे त्याच क्षणी कापले गेले, व्यवहार क्रमांकही आला. कार्ड कंपनीच्या वहीत मात्र ती रक्कम चढली १२ जुलैला! मधले सहा दिवस आमचे पैसे कुठे फिरत होते, हे कोणी सांगायला तयार नाही. पुढच्या बिलात विलंब शुल्क ७५० रुपये, व्याज ३४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १,२८६ रुपये लागले. पैसे आमचे अडकले आणि दंडही आम्हालाच!

इथे आमचीही एक चूक झाली, ती लपवत नाही. कस्टमर केअरला फोन केला, तिकडून "बघतो" असे उत्तर आले आणि आम्ही रागाने ठरवले की हा अन्यायाचा दंड भरायचा नाही. त्या महिन्यात कार्ड वापरले नव्हते, बिल फक्त दंडाचे होते, ते तसेच ठेवले. आम्हाला वाटले हा आमचा सत्याग्रह आहे. कंपनीच्या संगणकाला सत्याग्रह कळत नाही, त्याला फक्त थकबाकी कळते. ३१ ऑगस्टला आमच्या नावापुढे "२३ दिवस थकीत" अशी नोंद झाली.

सप्टेंबरमध्ये धाकट्या बहिणीला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी सहअर्जदार आम्ही. बँकेतल्या साहेबांनी संगणकात पाहिले आणि कागद परत सरकवला. "तुमचं सिबिल बिघडलंय." दोन शब्दांत विषय संपला. फी भरायची मुदत आठ दिवसांवर. आईने काही न बोलता कानातले आणि पोत काढून दिली. सोनाराकडे गहाण ठेवून ४०,००० रुपये उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. बहिणीचा प्रवेश वाचला. पण पुढे घरच्या लग्नात आई मोकळ्या गळ्याने मिरवली, आणि नातलगांनी "पोत कुठं गेली?" असे विचारले तेव्हा ती हसून विषय बदलत राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्जाची वही कोणाच्या हातात असते? हा प्रश्न आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख खते आणि हिशोबाच्या वह्यांवर होता. ते कागद त्यांनी जाळले, कारण त्या वहीत काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते आणि कोर्टात मात्र तीच वही खरी ठरत होती. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाने खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, पैसे फेडणाऱ्याला पावती मिळावी, हिशोबाचे पासबुक मिळावे, अशा तरतुदी त्यात आल्या. म्हणजे कर्जदाराला आपला हिशोब पाहण्याचा आणि त्यावर वाद घालण्याचा हक्क आहे, ही गोष्ट या महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वी झगडून मिळवलेली आहे.

आजची वही संगणकात आहे. ती चार पत माहिती कंपन्या सांभाळतात. त्यातल्या एकीचे नाव सिबिल, म्हणून आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो. ३०० ते ९०० मधला एक आकडा माणसाची लायकी ठरवतो. कोणाची पत आहे आणि कोणाची नाही, हे या देशात पूर्वी जन्मावरून ठरत होते. आकडा जात विचारत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण ज्याच्या घरी जमीन, सोने, ओळखीचा मॅनेजर आहे, त्याचा आकडा पडला तरी त्याचे अडत नाही. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी एका चुकीच्या नोंदीने दार बंद होते. मग समानता कुठे राहिली?

न्यायालयाकडूनही फार आशा धरता येत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निर्णय दिला होता की, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मग आपल्या हातात काय उरते? लिहिलेला नियम उरतो. तो आपण वाचला पाहिजे.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे कार्डांविषयीचे २०२२ चे निर्देश लागू होते. त्यानुसार थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली तरच विलंब शुल्क लावता येते आणि तरच ती पत माहिती कंपनीला कळवता येते. कळवण्यापूर्वी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. बिलाबद्दल तक्रार केली तर ३० दिवसांत खुलासा द्यावा लागतो. २६ एप्रिल २०२४ पासून आणखी एक नियम आहे. पतनोंदीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते.

हे वाचून आम्ही २० सप्टेंबरला कार्ड कंपनीकडे आणि पत माहिती कंपनीकडे लेखी तक्रार केली. सोबत खाते उतारा आणि व्यवहार क्रमांक जोडला. तीस दिवस उत्तर नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही आणि अर्ज मराठीत लिहिता येतो. ३० नोव्हेंबरला, म्हणजे ७१ व्या दिवशी, दंड रद्द झाला आणि नोंद दुरुस्त झाली. भरपाईबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. आम्ही नियम दाखवून मागितली, तेव्हा ४१ दिवसांचे ४,१०० रुपये मिळाले. त्यातले ३,२०० रुपये सोनाराच्या चार महिन्यांच्या व्याजात गेले. आईची पोत घरी आली.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगासमोर साक्ष दिली. पैशाचे शास्त्र हे आपले काम नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. आपण मात्र जयंतीच्या मिरवणुकीत त्या ग्रंथाचे नाव घेतो आणि घरी आलेले बँकेचे पत्र न वाचता फळीवर ठेवतो.

म्हणून आमचे सांगणे असे. वादातला दंड रोखून धरू नका. 'तक्रार राखून भरत आहे' असे लेखी कळवा, भरा आणि मग भांडा. फोनवर विसंबू नका, तक्रार लेखी करा, तिचा क्रमांक जपा. प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा. गावच्या विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या कागदांसाठी द्या. एकोडीत आम्ही ते सुरू केले आहे. पहिल्या रविवारी सात जण आपापले अहवाल घेऊन आले. त्यांतल्या दोघांच्या नावावर फेडून झालेले कर्ज अजून थकीत दिसत होते.

त्यांचे अर्ज आम्ही त्याच दिवशी लिहिले. आईला उत्तर आता देता येते. बँकवाला तरास देते, कारण विचारणारा कोणी नाही असे त्याला वाटते.