टोस्टचा पेला

आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांत टोस्ट हा लहानसा पण अटळ प्रकार आहे. केक कापून होतो, कुणी वडीलधारे गृहस्थ ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून वधूवरांविषयी चार शब्द बोलतात आणि मग मांडवातील सर्वांना पेले उंचावण्याची विनंती करतात. त्या क्षणी प्रत्येकाच्या हाती काहीतरी असावे लागते. ज्यांच्या हाती वाईन आहे त्यांचा प्रश्नच नसतो. जे मद्य घेत नाहीत त्यांच्यापुढे पोरासोरांसाठी आणलेल्या क्रेटमधील एखादी बाटली सरकवली जाते आणि तीही पुष्कळदा कोमट झालेली. यजमानाच्या मनात उपेक्षा नसते. न पिणाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, एवढेच.

माझ्या थोरल्या बंधूंनी दारू सोडली त्याला आता नऊ वर्षे झाली. सोडण्यापूर्वीची हकीकत येथे सांगण्याचे कारण नाही. ज्या घरांनी ती पाहिली आहे त्यांना ती ठाऊक आहे. सांगायचे आहे ते नंतरचे. दारू सुटली तसे दादांचे लग्नांना जाणेही सुटले. ते चर्चमध्ये हजर राहत, वधूवरांना आशीर्वाद देत आणि मांडवाकडे न वळता घरी परतत. दारूचा मोह होतो म्हणून नव्हे, असे ते सांगत. मोहाला तोंड द्यायला ते शिकले होते. पण रिकाम्या हाताला तोंड देणे त्यांना जमत नव्हते. रिकामा हात दिसला की कोणीतरी प्रेमाने पेला पुढे करते, नको म्हटले की ‘आजच्या दिवशी थोडीशी’ म्हणते, पुन्हा नको म्हटले की कारण विचारते. एका संध्याकाळी दहा जणांना कारण सांगायचे म्हणजे दहा वेळा आपलीच जखम उघडी करायची.

मग त्यांच्या स्वतःच्या मुलीचे लग्न ठरले. वधूपित्याला टोस्टच्या वेळी मांडवातून निघून जाता येत नाही.

काय द्यावे यावर घरात बराच खल झाला. नवऱ्यामुलीने सुचविले की, काळ्या द्राक्षांचा रस वाईनच्या पेल्यात दिला तर कोणाला कळणारही नाही. दादांनी ते एका वाक्यात नाकारले. ‘‘मला दारूसारखे दिसणारे काही नको,’’ ते म्हणाले, ‘‘नऊ वर्षे जिच्याकडे पाठ केली तिचा फोटो हातात घेऊन उभा राहू काय?’’ त्यांचे म्हणणे मला पटले. ज्याने व्यसन सोडले आहे त्याला दारूच्या हुबेहूब नकलेने आधार वाटेलच असे नाही. एखाद्याला ती जुन्या वाटेवरची पहिली पायरीही ठरू शकते. हवे होते ते असे पेय, जे समारंभाला शोभेल, मोठ्या माणसाच्या हाती हास्यास्पद वाटणार नाही आणि तरीही जे दुसऱ्या कशाचेही सोंग घेणार नाही.

असे एक पेय जगाला ठाऊक आहे आणि गंमत अशी की ते एका लहान मुलीच्या नावाने ओळखले जाते. शर्ली टेंपल ही अमेरिकेतील बालनटी 1928 साली जन्मली आणि 1934 साली, वयाच्या सहाव्या वर्षी, घराघरांत पोहोचली. अमेरिकेतील दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली होती. हॉटेलांतील टेबलांवर पेले उघडपणे परतले होते आणि त्याच टेबलांशी ही मुलगी मोठ्यांच्या संगतीत जेवायला बसत असे. तिच्यासाठी कोणीतरी जिंजर एल या आल्याच्या फसफसत्या पेयात डाळिंबाचे लाल सरबत घातले आणि वर एक चेरी ठेवली. हा मान आपला असल्याचे एकाहून अधिक हॉटेले सांगत आली. शर्लीबाईंनी स्वतः मात्र हॉलिवुडमधील ‘ब्राउन डर्बी’चे नाव घेतले होते. पुढे या बाई राजनैतिक सेवेत गेल्या, घाना येथे आणि 1989 पासून चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेच्या राजदूत झाल्या, 2014 साली वारल्या. जन्मभर जेथे जातील तेथे लोक कौतुकाने तेच पेय त्यांच्यापुढे ठेवीत आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. फार गोड लागते अशी त्यांची तक्रार होती. आपल्या नावाने ते बाटलीत भरून विकू पाहणाऱ्यांविरुद्ध 1988 साली त्या न्यायालयातही गेल्या.

बाईंची तक्रार रास्त आहे. आज बाजारात ‘ग्रेनेडिन’ म्हणून मिळणाऱ्या लाल सरबतात बहुधा साखरेचा पाक, सायट्रिक आम्ल आणि रंग एवढेच असते. डाळिंबाचा त्यात मागमूस नसतो. वास्तविक तो शब्दच डाळिंबाच्या फ्रेंच नावावरून आलेला आहे. ज्या महाराष्ट्रात सोलापूर आणि नाशिककडची डाळिंबे हातगाडीवर मिळतात, तेथे रंगीत पाक विकत आणावा हे मला तरी लाजिरवाणे वाटते. भगव्या जातीची दोन मोठी डाळिंबे घेतली तर पेलाभर, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर, रस सहज निघतो. दाणे मिक्सरमध्ये घालून क्षणभरच फिरवावेत. अधिक फिरवले तर आतल्या बिया भरडल्या जातात आणि रस तुरट होतो. दाण्यांना चिकटलेला पांढरा पापुद्राही तितकाच कडू, तो निगुतीने काढावा. गाळलेल्या रसात त्याच्याच वजनाइतकी साखर घालून मंद आचेवर ती विरघळेपर्यंतच ठेवावे. उकळू देऊ नये, उकळले की ताज्या फळाचा वास उडतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाशी डाळिंबातील टॅनिनचा संबंध आला की रस काळवंडतो. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. हे सरबत बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले तर तीन आठवडे उत्तम राहते.

आल्याचा भाग अधिक विचाराचा आहे. आल्याचे पेय यीस्ट घालून आंबवण्याची जुनी रीत आहे. त्याला बुडबुडे सुंदर येतात. पण यीस्ट साखर खाते तेव्हा वायूबरोबर थोडा मद्यार्कही निर्माण करते. इतरांनी त्याची फिकीर करू नये. आमच्या घरी ती करणे भाग होते. म्हणून आंबवणे टाळले. शंभर ग्रॅम आले किसून 300 मिलिलिटर पाण्यात पंधरा मिनिटे मंद उकळले, गाळले आणि त्यात 200 ग्रॅम साखर घातली. घशाला झोंबेल इतके ते तिखट हवे, कारण पुढे ते पातळ होणारच असते. हॉटेलांत अशा पेयांत कधीकधी ‘बिटर्स’चे काही थेंब टाकतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध बिटर्समध्ये 44.7 टक्के मद्यार्क असतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. थेंबाने नशा चढत नाही हे खरे. परंतु ज्याने शब्द दिला आहे त्याला त्या थेंबाची माहिती असण्याचा अधिकार आहे.

चेरीचेही तेच. माराशिनो नावाची चेरी मुळात एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या आंबट चेऱ्या मद्यात मुरवून करीत. आजची अमेरिकन बरणीतली चेरी बिनमद्याची असते, पण बरणीवरचा मजकूर वाचल्याखेरीज भरवसा धरू नये. आमच्याकडे बेकरीवाले केकवर जी लालभडक चेरी लावतात ती पुष्कळदा चेरी नसतेच, साखरेत मुरवून रंगवलेले करवंद असते! हे कळल्यावर दादांना फार हसू आले. उन्हाळ्यात डोंगरावरची करवंदे द्रोणात घालून विकायला येतात; ती शहरात जाऊन नाव बदलून परत येतात, असे ते म्हणाले.

राहिला सोडा. 1767 साली इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने शेजारच्या बिअरच्या भट्टीतील पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला, तेथून हे कृत्रिम फसफसते पाणी निघाले. बिअरच्या पिंपावरचा वायू आणि त्यातून बिनमद्याचे पेय! हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पाणी जितके थंड तितका तो त्यात अधिक मावतो. शून्य अंशाच्या पाण्यात वीस अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून सोडा, सरबते, एवढेच नव्हे तर पेलेसुद्धा आधी गार करावेत. खाण्याचा सोडा आणि लिंबू यांनी फेस येतो खरा, पण चव खारट होते. तो उपाय पोट बिघडल्यावर करावा.

पेला उंच असावा. तळाशी बर्फ, त्यावर आल्याचे 25 मिलिलिटर सरबत, लिंबाचे चार थेंब, मग पेला तिरका धरून कडेने 150 मिलिलिटर सोडा. सर्वांत शेवटी डाळिंबाचे 15 मिलिलिटर सरबत सावकाश सोडायचे. साखरेच्या वजनाने ते तळाशी उतरते आणि वर फिकट सोनेरी, खाली माणकासारखा लाल असे दोन रंग एकावर एक उभे राहतात. चमच्याने एकदाच हलवावे, तेही पिणाऱ्याने. प्रत्येक पेल्यात साधारण पाच चमचे साखर जाते, तेव्हा मधुमेह्यांनी दोन्ही सरबते निम्मी घ्यावीत. आमच्या वहिनी तसे घेतात आणि त्यांच्या मते तीच चव अधिक चांगली.

लग्नाच्या संध्याकाळी मांडवाच्या एका कोपऱ्यात यासाठी वेगळे टेबल मांडले होते. त्यावर पाटी वगैरे नव्हती. चाळीस पेल्यांची तयारी होती आणि ती टोस्टपूर्वीच संपत आली, कारण मुलांच्या आधी बायका आणि बायकांच्या पाठोपाठ काही असे गृहस्थ तेथे आले, ज्यांना मी आजवर प्रत्येक लग्नात पिताना पाहिले होते. एक जण हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘डॉक्टरांनी बंद केली आहे हो, पण सांगणार कोणाला?’’ दुसऱ्यांनी काही कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दादांसाठी एक पेला मी बाजूला काढून ठेवला होता. टोस्ट झाला तेव्हा त्यांनी तो सर्वांबरोबर उंच धरला. शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनी हे काय म्हणून विचारले, तेव्हा दादांनी त्यांना प्रथम डाळिंब कसे सोलायचे ते सांगितले आणि मग, त्याच आवाजात, आपण दारू सोडल्याचेही सांगितले. व्याही म्हणाले, ‘‘मलाही एक द्या.’’ तो मात्र उरला नव्हता.

धाकटीचे लग्न येत्या मेमध्ये आहे. या खेपेस टेबल दादांनी स्वतःच्या अंगावर घेतले असून हिशेब आताच वहीत मांडला आहे: दोनशे पेल्यांना वीस डाळिंबे, दीड किलो आले, 600 मिलिलिटरच्या सोड्याच्या पन्नास बाटल्या, शिवाय फुटतील-सांडतील म्हणून पाच. चेरी त्यांनी यादीतून खोडली आहे. मे महिना म्हणजे करवंदांचा हंगाम.