रेवसच्या धक्क्यावरून

भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच रेवसला लागते. खलाशी दोर खुंटीला अडकवतो. लाटेसरशी तो सैल पडतो, पुन्हा ताणला जातो. उतारू घाईनं अलिबागची वाट धरतात. काही थेट रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला पोचतात. पोर्तुगीजांनी 1740 मध्ये जवळचं चौल सोडलं, पण त्यांच्या भाषेतून उमललेली बोली कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत आजही ऐकू येते.

या घरांतल्या माणसांनाही संतत्वाचं बोलावणं असतं का?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजात ठाम सांगितलं की पावित्र्य केवळ धर्मगुरू आणि मठवासीयांसाठी नाही. संसारी माणसानं ते आपल्या कामातच साधायचं. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लेकरं वाढवणारे आईबाप, घरासाठी राबणारे हात आणि आजारी माणसं यांच्यात हेच पावित्र्य दाखवलं.

वसईचे गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते. मनिलात ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. धर्मगुरू कधीच नव्हते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्यांना क्रुसावर ठार मारलं गेलं. 1862 मध्ये चर्चनं त्यांना संत घोषित केलं.

हुतात्म्याचं धैर्य दुरूनही दिसतं. पण जाळं विणता विणता एखादी बाई शेजारणीवरचा राग गिळते, तिला माफ करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करते. त्याची नोंद कुठेच होत नाही. मनाला हुरहूर लागते ती इथे. प्रार्थना, पापनिवेदन, मिस्सा यांचा आधार तिला आहेच. तरी साक्षीदार नसलेला चांगुलपणा वर्षानुवर्षं कसा टिकतो?